आधी गाडीची खोड सांगा

दस्तगीरचाचांची आणि माझी पहिली भेट भांडणानं झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. गौरवग्रंथात असं काही लिहू नये म्हणतात. पण सत्कार समितीच्या मंडळींनी "जे घडलं तेच लिहा, सुनंदाताई" असं बजावलं आहे. शिवाय चाचांविषयी साखर पेरून लिहिलं तर ते स्वतःच मला दुकानाच्या पायरीवरून परत पाठवतील.

आमच्या टेम्पोची चावी हरवली होती. माझे मालक कारखान्यात कामावर, टेम्पो बारामतीच्या बाजारात भरदुपारी उभा, आणि आत माझ्या दिराची कोबीची पोती. बारामतीत चावी म्हटलं की लोक दस्तगीर तांबोळी यांच्याकडे बोट दाखवतात. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाईकं आत आली तर तिसऱ्यानं रस्त्यावर थांबावं. मी आरसी बुक, आधार कार्ड असं सगळं त्यांच्यापुढं मांडलं. त्यांनी कागदाला हातही लावला नाही. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "आधी गाडीची एक खोड सांगा."

"खोड म्हंजी?"

"हरेक गाडीला आसती. कुणाचं दार आडतं, कुणाचा हॉर्न घोगरा आसतो. मालकाला ठावं आसती. कागुद काय, कुणाचाबी झेरॉक्स होतो."

मी त्या टेम्पोत कायम डावीकडं बसलेली. खोड सांगायची वेळ येईल हे कुणाच्या बापाला माहीत. मला काही सांगता येईना, आणि चाचा काही जागचे हलेनात. माझा पारा चढला. "चोर दिसती व्हय मी तुमाला?" असं मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "चोर जर चोरावानी दिसला आसता, तर आमाला कशाला इचारायला लागलं आसतं, बाई?"

मी तणतणत टेम्पोपाशी परत गेले आणि बाहेरूनच त्याच्याकडं बघत उभी राहिले. मग आठवलं. परत येऊन सांगितलं, की डाव्या दाराची काच वर चढवताना हातानं धरावी लागते, नाहीतर ती तिरकी होऊन अडकते. आणि ती नेहमी मीच धरते. चाचा लगेच पेटी उचलून उठले. "आता गाडी तुमची," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांचं काम पाहिलं. कोरी चावी कुलपात घालायची, हलक्या हातानं फिरवायची, बाहेर काढून तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा बघायच्या आणि तेवढंच कानशीनं घासायचं. पुन्हा घालायची, पुन्हा बघायचं. भर बाजारात हा माणूस जणू देवघरात बसला होता. कुलूप उघडलं तेव्हा मी पैसे द्यायच्या आधी विचारलं, "मला शिकवाल का?" ते काही बोलायच्या आत, जेवणाचा डबा घेऊन आलेल्या चाची म्हणाल्या, "शिकवा की. ही भांडती, म्हंजी टिकंल."

मी अंथुर्ण्याच्या कोकऱ्यांची लेक. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी थोडी राखून मग शेती धरली. आमच्या घरात कुणी कुलूपच फारसं लावलं नव्हतं, चाव्या कुठून घडवणार? तरी चाचांनी मला सहा वर्षं शेजारी बसवलं. बाईमाणूस दुकानात बसते म्हणून लोक हसले, तर चाचा त्यांना म्हणायचे, "हसून झालं की चावी तिच्याकडूनच करून घ्या." आज इंदापुरात माझं जे दुकान आहे, त्याच्या शटरचं कुलूपसुद्धा त्यांनीच बसवून दिलेलं आहे.

खोड विचारण्याची त्यांची रीत लहानथोर बघत नसे. एकदा एका बड्या पुढाऱ्यांचा ड्रायव्हर आला. साहेबांचं नाव घेतलं, की दारं आपोआप उघडतात याची त्याला सवय होती. चाचांनी खोड विचारली. नवा ड्रायव्हर, त्याला काय ठाऊक. चाचांनी सांगितलं, "सायबांनाच फोन लावा, त्यांनाच इचारा." पुढारी फोनवर हसले आणि म्हणाले, की मागच्या सीटवर डावीकडं सिगारेटनं पडलेलं एक भोक आहे, पण हे घरी कळता कामा नये. चाचांनी चावी केली, आणि ते भोक आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मीही इथं नाव लिहिलेलं नाही, हे मंडळींनी ध्यानात घ्यावं.

आणखी एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मार्केट यार्डाजवळ एका कारमध्ये दोन वर्षांचं लेकरू अडकलं. चावी आत, काचा बंद, वर ऊन. आई काचेवर हात आपटत होती आणि आतलं लेकरू रडायचं थांबलं होतं. चाचा चपला न घालताच पळत गेले. गर्दी केवढी जमलेली. त्यांनी पेटी उघडली आणि मोठ्यानं सांगितलं, "समद्यांनी पाठ फिरवा."

मला वाटलं, यांना काय झालं आता. बापानं हात जोडले, "चाचा, आधी उघडा हो." चाचांचा आवाज चढला नाही. "पाठ फिरवा. तुमीबी." ती सगळी गर्दी, पोलीस हवालदारासकट, पाठमोरी झाली. फक्त आई वळली नाही. तिला त्यांनी तसंच राहू दिलं, कारण ती लेकराशिवाय दुसरं काही बघतच नव्हती. मी दहा श्वास मोजले असतील. दार उघडलं. लेकराच्या तोंडावर पाणी मारल्यावर ते रडलं आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

परत येताना मी त्यांच्यावर चिडले होते. म्हटलं, तेवढ्यात काही झालं असतं तर? ते म्हणाले, "दार कसं उघडतं ते पन्नास जनांनी बघितलं आसतं, तर उद्या पन्नास दारं उघडली आसती. आपली इद्या दाखवायची न्हाई, वापरायची." हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली आणि, आता लिहिताना लाज वाटते, पुढं विसरून गेले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. जुनं हत्यार भंगारात घालायचं नाही. नवं घेतलं की जुनं आपल्या मागून येणाऱ्या कारागिराच्या हातात द्यायचं. चाचांना त्यांच्या उस्तादांनी कानस दिली, चाचांनी मला दिली. ती हातात नीट बसावी म्हणून मी तिच्या मुठीला काळ्या लोकरीची दोरी गुंडाळली. माझे वडील मेंढरामागच्या काठीला अशीच दोरी गुंडाळायचे आणि शेवटी एक उलटी गाठ मारायचे, ती ओढली तरी सुटत नाही. पुढं माझ्या प्रत्येक हत्याराला ती दोरी आणि ती गाठ आली.

दरम्यान गाड्या बदलल्या. नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते. नुसती घासून चावी चालत नाही. त्यासाठी एक मशीन येतं. त्याची केबल स्टिअरिंगच्या खाली जोडायची, की मशीन गाडीला सांगतं, ही नवी चावी तुझीच. मी असं मशीन घेतलं आणि चाचांना दाखवायला नेलं. सत्तरीला टेकलेले चाचा माझ्या शेजारी बसून ते शिकले. गुरूनं शिष्याकडून असं मोकळ्या मनानं शिकलेलं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही. पण शिकून झाल्यावर त्यांनी मशीन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे लई गप हाय. कानस निदान आवाज तरी करती."

दोन वर्षांनी मी नवं मशीन घेतलं. त्याच आठवड्यात एक तिशीतला माणूस माझ्या दुकानात आला. बोलायला गोड. सोलापूरच्या बाजूला चाव्यांचं दुकान टाकतोय म्हणाला. स्वतः घासलेली एक चावी त्यानं दाखवली. हात चांगला होता. "ताई, जुनं मशीन असेल तर द्या." मला माझे पहिले दिवस आठवले आणि मी पाघळले. नाममात्र पैसे घेऊन मशीन त्याला विकलं. त्याची केबल एका जागी चिरली होती, तिथं मी लोकरीची दोरी गुंडाळलेली होती. मी त्याला मशीनची खोडसुद्धा सांगितली, की केबल डावीकडं वाकवली तरच ते सुरू होतं. गिऱ्हाइकाला गाडीची खोड विचारल्याशिवाय मी कधी चावी केली नाही. पण कारागीर म्हणून आलेल्या माणसाला मी त्याचं गावही धड विचारलं नाही.

तीन महिन्यांत चोऱ्या सुरू झाल्या. आधी काटेवाडीतल्या एका वहिनींची दुधाची पिकअप गेली. मग कऱ्हाटीतली एक गेली. काच फुटलेली नाही, कुलूप मोडलेलं नाही, जणू मालकच घेऊन गेला. तिसरी गेली ती अंथुर्ण्यातून, आणि ती माझ्या चुलतभावाची, भानुदासदादांची होती. डाळिंब आणि भाजी नेणारी ती पिकअप म्हणजे त्या घराचा कर्ता पुरुष. तिची दुसरी चावी मीच करून दिली होती. रिव्हर्स टाकला की तिचा आतला आरसा थरथरायचा, ही तिची खोड मला तोंडपाठ होती.

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. पण मी स्वतःची समजूत काढली, की अशी मशीनं आता काय कुणीही ऑनलाइन मागवतं.

बारामतीत गाडीवाल्यांची बैठक झाली. मागणी एकच होती: चावीवाला नसताना असं यंत्र जवळ बाळगणं आणि ते वाटेल त्याला विकणं, हा गुन्हा ठरवावा. तसं निवेदन लिहून वर पाठवायचं होतं. काटेवाडीच्या वहिनी उभ्या राहिल्या. "काच फोडली आसती तर निदान कुत्रं तरी भुकलं आसतं," त्या म्हणाल्या. "गाडी चोरल्यावर मग चोर हुडकत बसायचं. त्याच्या खिशात मशीन हाय तवाच त्याला का धरत न्हाई?"

आम्ही चावीवाले मागच्या बाकांवर बसलो होतो आणि आमच्यातले बबनराव उसळले. "आज मशीन म्हंताय, उद्या कानस ठिवली तरी बेड्या घालताल. आमी पोटं कशी भरायची?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. सगळ्यांची खात्री, की चाचा आता आमच्या बाजूनं बोलणार.

चाचा उठले. "मी सही करनार हाय," ते म्हणाले. "कोयता घरोघरी आसतो, त्यानं ऊसबी तुटतो. ह्या मशीननं कुलपाबिगर दुसरं काय उघडतं, सांगा मला. आमची नावं नोंदवून घ्या, मशीनवर नंबर घाला, इकनाऱ्यानं घेनाऱ्याचं नाव लिवून ठिवावं. आन मशीन कशाला जवळ हाय हे ज्याला सांगता येत न्हाई, त्याला धरा."

बबनराव ताडकन उठून बाहेर गेले, त्यांच्यामागं आणखी चौघं. चाचांनी उरलेल्या आम्हा चावीवाल्यांकडं वळून विचारलं, "तुमच्यापैकी कुणी कुणाला मशीन दिलंय का?"

मी बाकाच्या फळीकडं बघत राहिले. ते विचारून थांबले, पुरेसं थांबले. माझं दुकान, मुलीचं कॉलेज, सासरची माणसं, अंथुर्ण्यातलं भानुदासदादांचं घर, सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं होतं. मी तोंडाला कुलूप घातलं. माझ्या धंद्यात मी घातलेलं हे सगळ्यात वाईट कुलूप.

पंधराच दिवसांनी काटेवाडीची पिकअप एका माळावर बेवारस सापडली. आत डबे नव्हते, पण सीटखाली एक मशीन राहिलं होतं. पोलिसांनी मोबाइलवर त्याचा फोटो चाचांना दाखवला. केबलवर काळी लोकर, शेवटी उलटी गाठ. ती गाठ बघायला चाचांना चष्मा पुसायचीही गरज नव्हती.

ठाण्याच्या साहेबांनी विचारलं, "ओळखता?"

चाचा म्हणाले, "वळखतो. पर नाव मी सांगनार न्हाई. ज्याचं हाय तो हितं यिऊन सांगंल. आज संध्याकाळपतुर थांबा." साहेब चिडले. ओळखून नाव लपवणं किती महागात पडेल हे त्यांनी चाचांना स्पष्ट सांगितलं. चाचांनी पुन्हा तेच सांगितलं आणि बारामती स्टँडवर जाऊन इंदापूरची एसटी धरली. हे सगळं मला नंतर त्या साहेबांकडून कळलं, चाचांनी कधी सांगितलं नाही.

मी दुकानात एका स्कूटीचं काम करत होते. चाचा आले, स्टुलावर बसले, पाणी प्यायले. स्कूटीवाली मुलगी जाईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "सुनंदा, तुझ्या जुन्या मशीनची खोड सांग."

माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "केबल डावीकडं वाकवली तरच चालू होतं."

"मंग काटेवाडीच्या गाडीत सापडलं त्ये तुझंच हाय, गाठबी तुझीच," चाचा म्हणाले. "चल."

मी रडले, हे कबूल करते. नुसती रडले नाही, विनवण्या केल्या. म्हटलं, चाचा, मी चोरी केली नाही, मला माहीत नव्हतं. दुकान जाईल, माहेर तुटेल. तुम्ही ओळखलं नाही म्हणा, गाठी काय कुणीही मारतं. ते ऐकत राहिले. त्यांनी एकदाही मला दोष दिला नाही आणि एकदाही "बरं" म्हणाले नाहीत. शेवटी म्हणाले, "भानुदासला गाडीबिगर दोन म्हैनं झालं. तुला ठावं हाय त्ये, आन त्याला न्हाई. ह्येच तेवढं मला बघवत न्हाई."

मी शटर ओढलं.

इंदापूर ते बारामती हा रस्ता मी हजारदा केला असेन. त्या दिवशी तो संपेना. एसटी अंथुर्ण्यात थांबली तेव्हा मी दुसऱ्या खिडकीकडं तोंड केलं. माझ्याच गावात, आपल्या माणसांनी बघू नये म्हणून मी पदर कपाळापर्यंत ओढून बसले होते. चाचा शेजारी होते. तेव्हा मला त्यांचा उजवा हात दिसला. मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा बोटाच्या पेरावर फिरत होता, पुढंमागं, पुढंमागं, जणू एखादी न दिसणारी चावी कुलपात फिरवून बघत होते. इतकी वर्षं शेजारी बसून मी हे कधी पाहिलं नव्हतं. हळूहळू उमगलं, की चाचा घाबरलेत. माझ्यासाठी घाबरलेत, आणि तरी मला घेऊन निघालेत.

ठाण्यात साहेबांनी माझा जबाब घ्यायला सुरुवात केली. मशीन कधी विकलं, कुणाला, कागद का केला नाही, तुम्ही त्यात सामील नव्हता हे आम्ही कशावरून मानायचं? त्या माणसाचा फोन नंबर केव्हाच बंद पडलेला होता. पहिल्या भेटीत टेम्पोसाठी माझी जी गत झाली होती, तीच इथं झाली. सगळं खरं होतं आणि काहीच सांगता येत नव्हतं.

मध्येच चाचा म्हणाले, "सायेब, माझं बी लिवा."

"तुमचं काय, चाचा? तुम्ही ओळख पटवलीत, झालं."

"तिनं दिलं ही तिची चूक. पर इचारल्याबिगर फुडं द्यायची रीत मी शिकवली. गाडीवाल्याला खोड इचारायला शिकवलं, कारागिराला इचारायला शिकवलंच न्हाई. निम्मी चूक माझी हाय, तेवढी माझ्या नावावर लिवा."

साहेब म्हणाले, असलं काही लिहिता येत नाही. चाचा म्हणाले, मग मी उठत नाही. आणि ते उठले नाहीत. शेवटी साहेबांनी त्यांचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि चाचांनी सही केली. मी एवढंच बघत होते, की सही करताना त्यांचा अंगठा थांबला होता.

तिथून निघताना मला त्या माणसाची चावी आठवली. त्यानं माझ्यापुढं ठेवलेल्या चावीवर कानशीच्या रेघा उलट्या तिरक्या होत्या. म्हणजे तो डावखुरा होता. मी परत फिरून हे सांगितलं. सापडलेल्या पिकअपला लावलेली चोराची चावी साहेबांनी पुढं ठेवली आणि चाचांनी ती नखावर घासून बघत होकारानं मान हलवली. पुढं त्याच खुणेनं आणखी दोन चाव्या जुळल्या आणि डावखुरा चावीवाला हुडकत पोलिसांनी तो माणूस पकडला. मला तोवर चार वेळा बोलावणं आलं, हत्यारं जप्त झाली आणि शटर बरेच दिवस खालीच राहिलं. मी सामील नव्हते हे यथावकाश ठरलं. भानुदासदादांची पिकअप मात्र आजपर्यंत सापडलेली नाही.

चाचांना घेऊन मी अंथुर्ण्याला गेले आणि दादांना माझ्या तोंडानं सगळं सांगितलं. दादा ओरडले नाहीत. म्हणाले, "माझ्या गाडीची दुसरी चावी कराया आलो, तर माझ्याच गाडीची खोड मला इचारलीस. सख्ख्या भावावानी भाऊ मी. आन त्या मानसाला एकदाबी काय इचारलं न्हाईस." एवढं बोलून ते गोठ्याकडं गेले. त्यांच्या घरच्या वहिनींनी चहा दिला, तो मी तसाच खाली ठेवला. चाचांनी मात्र कप रिकामा केला. म्हणाले, ज्यांचं नुकसान केलं त्यांचा चहा नाकारू नये.

निवेदन द्यायच्या दिवशी पुन्हा बैठक भरली. मी मागच्या बाकावरून उठून पुढं गेले. मशीन मी विकलं होतं, हे त्या सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, "मी जे केलं, तो गुन्हा आहे असं कुठंतरी लिहिलेलं असतं, तर मी दहादा विचार केला असता. ते लिहा, असं मागायला मी आले आहे." काटेवाडीच्या वहिनींनी निवेदनाचा कागद माझ्यापुढं सरकवला. "मंग पयली सही तुमीच करा," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया नव्हती, आणि ती असायचं काही कारणही नव्हतं. मी सही केली. माझ्या खाली चाचांनी केली. तिसरी सही बबनरावांनी केली, हे लिहिताना मला फार बरं वाटतं.

तो कायदा अजून व्हायचा आहे. आमचं निवेदन कुठल्या टेबलावर आहे ते आम्हाला ठाऊक नाही; चाचा मात्र दर काही महिन्यांनी स्वच्छ सदरा घालून चौकशीला जातात. सरकारनं करायचं तेव्हा करावं, आपण कशाला थांबायचं, म्हणून बारामती-इंदापूरच्या आम्हा चावीवाल्यांत त्यांनी नवी रीत पाडली आहे. हत्यार पुढं द्यायचं तर घेणाऱ्याच्या दुकानात जाऊन, त्याच्या शेजाऱ्याला विचारून, आणि दोन जुन्या कारागिरांसमोर. माझं शटर पुन्हा उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक चाचाच होते. स्वतःच्या दुकानाची चावी माझ्यापुढं टाकून म्हणाले, "हिची दुसरी करून दे." त्या वेळी इंदापुरात माझ्याकडं कुणी फिरकत नव्हतं. पाच-सहा बघे रस्त्यावरून बघत होते. बारामतीचे दस्तगीर तांबोळी आपल्या दुकानाची चावी सुनंदाकडं देतात, हे त्यांनी पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले.

आज चाचा पंच्याहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या चाव्यांनी किती दारं उघडली याचा हिशेब इतर मंडळी मांडतीलच. मी त्यांच्यासाठी अल्लाकडं आणि आमच्या बिरोबाकडं, दोघांकडंही मागणं घातलं आहे, की त्यांचे डोळे असेच बारीक खुणा बघत राहोत, चाचींचा डबा दुपारी वेळेवर येत राहो, आणि तो कायदा त्यांच्या डोळ्यांदेखत होवो.

आणि उद्या कुणी मला अडवून विचारलं, की एवढा मोठा माणूस तुझा गुरू कशावरून, तर माझ्यापाशी सर्टिफिकेट नाही. पण खोड सांगता येते. आपल्या माणसावर काही बेतलं की चाचांचा उजवा अंगठा बोटावर फिरायला लागतो, आणि ते तरीही पुढं चालत राहतात. सत्काराच्या दिवशी ते स्टेजवर बसतील तेव्हा मंडळींनी त्यांच्या हाराकडं बघावं. मी त्या अंगठ्याकडं बघत असेन, आणि तो स्वस्थ असावा, आणखी खूप वर्षं स्वस्थ असावा, एवढंच मागत असेन.